औषध लागू पडेनासे होते, तेव्हा बदलते कोण?

‘पूर्वी दोन कॅप्सूल घेतल्या की घसा मोकळा व्हायचा. आता आठवडाभर घेतल्या तरी फरक नाही. अंगाला औषधाची सवय झाली, दुसरे काय!’ हे किंवा अशाच अर्थाचे वाक्य ज्याने ऐकले नाही असा शिक्षक खानदेशात सापडणे कठीण. फैजपूर, सावदा, यावल या पट्ट्यात आम्ही ते औषधाच्या दुकानापुढे ऐकले आहे, एस.टी.च्या थांब्यावर ऐकले आहे आणि, सांगायला संकोच वाटतो, शाळांच्या शिक्षक-खोलीतही ऐकले आहे. वाक्य अनुभवातून आलेले आहे. कॅप्सूल लागू पडत नाही ही तक्रार पुष्कळदा खरीही असते. चूक आहे ती शेवटच्या निष्कर्षात. औषध लागू पडेनासे होते तेव्हा आपले अंग बदललेले नसते. बदललेली असते ती अंगात शिरलेल्या जिवाणूंची प्रजा.

ही चूक एकट्या खानदेशाची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली १२ देशांतील सुमारे १० हजार लोकांना प्रतिजैविकांविषयी काही साधे प्रश्न विचारले होते. त्यांतील ७६ टक्के लोकांचे मत असे पडले, की औषधाला दाद न देण्याची अवस्था ही माणसाच्या शरीरात निर्माण होते. सर्दी व फ्ल्यू प्रतिजैविकांनी बरे होतात, असे ६४ टक्के लोकांना वाटत होते. भारतात हे प्रमाण ७५ टक्के निघाले. या दोन्ही आजारांचे कारण विषाणू असते आणि विषाणूंवर प्रतिजैविकांचा काहीही परिणाम होत नाही, हे आठवीच्या पुस्तकातले वाक्य चारांतल्या तिघांपर्यंत पोहोचलेले नव्हते.

न पोहोचण्याचे मोल फार मोठे आहे. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे केवळ यामुळे दगावली, की त्यांना झालेल्या जंतुसंसर्गावर नेहमीची औषधे चालली नाहीत. हा अंदाज २०२२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बाळंतपण, हाड मोडल्यावरची शस्त्रक्रिया, मोतीबिंदू, कर्करोगावरील उपचार या सर्वांच्या मागे प्रतिजैविकांचा आधार उभा असतो. तो ढासळला तर नुसता घसा दुखण्यापुरता प्रश्न राहत नाही.

मग वर्तमानपत्रे, आकाशवाणी, दूरचित्रवाणी इतकी वर्षे हे सांगत असताना ते लोकांच्या मनात का उतरत नाही? आमच्या मते त्याचे एक कारण शब्दांत आहे.

मराठीत ‘प्रतिकार’ हा चांगला शब्द आहे. रोगप्रतिकारशक्ती वाढवणारे च्यवनप्राश, प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा, बाळाची प्रतिकारशक्ती वाढवणारी लस. या शब्दाला सगळीकडे मान आहे. आता बातमी येते : ‘प्रतिजैविकांना होणारा प्रतिकार वाढत आहे.’ घाईने मथळे वाचणाऱ्या माणसाला ही आनंदाची बातमी वाटली तर त्याला दोष कसा द्यावा? प्रतिकार कोणाचा, कोणाला, हे त्या वाक्यातून कळतच नाही. त्यात ‘जिवाणू’ आणि ‘विषाणू’ यांची अदलाबदल वर्तमानपत्रांत नेहमीची. दोन्ही ‘जंतू’ आणि दोन्हींवर एकच ‘पॉवरफुल गोळी’, असा समज व्हायला वेळ लागत नाही.

थायलंडमधील उदाहरण येथे पाहण्यासारखे आहे. तेथे बोलीभाषेत प्रतिजैविकांना जे नाव रुळले आहे त्याचा अर्थ ‘दाह घालवणारे औषध’ असा होतो. साहजिकच अंग ठणकले, स्नायू दुखावला, घसा लाल झाला, की लोक दाहावर म्हणून प्रतिजैविक मागतात. २००७ पासून त्या देशाने प्रतिजैविकांच्या शहाण्या वापराची जी मोहीम चालवली, तिला आधी या नावाशीच झुंजावे लागले. नाव चुकले की पुढचे सारे ज्ञान चुकीच्या खणात जाऊन पडते.

आमच्याकडे मात्र एक सोय आहे आणि ती आरोग्याच्या भिंतीपत्रकावर नसून शेतात आहे.

बोंडातली अळी

कापूस पेरणाऱ्या कोणत्याही घरात विचारा, ‘बीटी बियाणे असूनही बोंडात अळी कशी?’ उत्तर तयार असते : ‘अळीला आता ते लागू पडत नाही.’ येथे कोणी असे म्हणत नाही, की कपाशीच्या झाडाला बीटीची सवय झाली! बदलली ती अळी, झाड नव्हे, हे शेतकऱ्याला आणि त्याच्या मुलाला पक्के ठाऊक असते. प्रतिजैविकांबाबत जी गोष्ट ७६ टक्के लोक चुकले, ती कपाशीबाबत आमची सातवीतली मुले चुकत नाहीत.

ही गोष्ट थोडी तपशिलाने पाहू, कारण वर्गात तिचा उपयोग आहे. भारतात बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक कपाशीत घातल्यामुळे झाडात असे प्रथिन तयार होते, जे खाल्ले की बोंडअळी मरते. २००६ साली अशी दोन जनुके असलेले बियाणे आले. पहिली काही वर्षे अळी खरोखरच हटली. पण लाखो अळ्यांत जन्मतःच थोड्या वेगळ्या असलेल्या, ते प्रथिन पचवून जगणाऱ्या एखाद-दुसऱ्या अळ्या होत्या. बाकीच्या मेल्या, या उरल्या. त्यांची आपसात प्रजा वाढली. गुजरातेत २०१० पर्यंत एका जनुकाच्या बियाण्याला गुलाबी बोंडअळी दाद देत नसल्याचे सिद्ध झाले, पुढे दोन जनुकांच्या बियाण्याचीही तीच गत झाली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांचे जे नुकसान झाले ते सर्वांच्या स्मरणात आहे.

येथे विद्यार्थ्यांना एक बारकावा आवर्जून दाखवावा. कोणत्याही एका अळीला औषधाची ‘सवय’ झाली नाही. जी मरायची ती मेलीच. जी मुळात वेगळी होती ती वाचली. म्हणजे सवय हा शब्द अंगाबाबत जसा चूक, तसा अळीबाबतही चूकच. घडते ती निवड, आणि ती निवड करतो आपण, औषध वापरून. डार्विनचा सिद्धांत शिकवताना इंग्लंडमधील पतंग आणि गालापागोस बेटांवरील पक्षी यांची चित्रे आम्ही फळ्यावर काढतो. शाळेच्या कुंपणापलीकडे तोच सिद्धांत बोंडात बसलेला असतो.

बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर साध्या, बिगर-बीटी बियाण्याचे १२० ग्रॅमचे एक पाकीट मिळत असे, हे पुष्कळांना आठवत असेल. ते कडेने लावायचे होते. त्या झाडांवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचा संबंध दाद न देणाऱ्या अळ्यांशी यावा आणि नव्या प्रजेतला तो गुण पातळ होत राहावा, असा हेतू. किती जणांनी ते पाकीट बांधावर टाकून दिले याचा हिशेब कोणाजवळ नाही, पण टाकून देणारा मूर्ख नव्हता. अळीला खायला देण्यासाठी चार ओळी कोण लावील? त्याचा वैयक्तिक फायदा न लावण्यात होता, नुकसान मात्र पुढे साऱ्या तालुक्याचे झाले. फरदडीचेही तसेच. हंगाम संपल्यावर कपाशी पाणी देऊन पुढे ओढली तर एका घराला चार पैसे मिळतात आणि अळीला उन्हाळ्यापर्यंत घर मिळते. प्रतिजैविकांचा सारा गुंता याच जातीचा आहे. ‘आज मला बरे वाटावे’ ही इच्छा आणि ‘उद्या सर्वांना औषध उरावे’ ही गरज यांच्यातील तो तंटा आहे.

जिवाणूंच्या बाबतीत हे सारे अतिशय वेगाने घडते. अळीची एक पिढी पुरी व्हायला महिन्याच्या आसपास काळ लागतो. अनुकूल परिस्थितीत आतड्यातला एक सामान्य जिवाणू वीस मिनिटांत दुभागतो. एकाचे दोन, दोनाचे चार, असे तीस वेळा झाले की संख्या १०७ कोटींवर जाते आणि त्याला लागतात अवघे दहा तास. (हा गुणाकार मुलांकडून करवून घ्यावा. उत्तर पाहून त्यांचे जे चेहरे होतात ते पाहण्यासारखे असतात.) इतक्या प्रती काढताना कोठेतरी अक्षर चुकणारच. जनुकांतल्या अशा एखाद्या चुकीने एखादा जिवाणू औषध फोडणारे विकर तयार करू लागतो, दुसरा औषध आत येताच बाहेर फेकतो, तिसरा औषध ज्या जागी चिकटते ती जागाच बदलतो. औषध नसेल तर या बदलाचा त्याला काही लाभ नाही. औषध आले की तेवढाच उरतो.

येथे अळीची उपमा संपते, कारण जिवाणू आणखी एक गोष्ट करतात जी अळीला जमत नाही. ते आपली काही जनुके शेजारच्या, दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतात. त्यामुळे आपल्या आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूने कमावलेली युक्ती उद्या न्यूमोनियाच्या जिवाणूकडे जाऊ शकते. विनाकारण घेतलेले प्रतिजैविक ‘निदान अपाय तर करत नाही’ हा समज यामुळेच खोटा ठरतो.

केळीचे तीन रोग

जिवाणू आणि विषाणू यांतला फरक समजावण्यासाठीही आम्हाला लांब जावे लागत नाही. यावल आणि रावेर हे केळीचे तालुके. केळीच्या बागेत तीन नावे सर्वांच्या तोंडी असतात : करपा, पोंगासड किंवा कंदकुज, आणि हरण्या. करपा बुरशीमुळे येतो, त्यावर बुरशीनाशक चालते. कंद कुजवतो तो जिवाणू. हरण्या, ज्याला आता शेतकरीसुद्धा सीएमव्ही म्हणतात, तो विषाणू, काकडीवर्गीय पिकांतून माव्यामार्फत येणारा. हरण्या आलेल्या झाडावर कोणतीही फवारणी चालत नाही, झाड उपटून नष्ट करणे आणि माव्याचा बंदोबस्त करणे एवढेच हाती असते, हे लागणीचे मोठे नुकसान सोसून लोक शिकले आहेत. विषाणूवर जिवाणूचे औषध ओतणे म्हणजे पैसे मातीत घालणे, हे बागेत ज्याला कळते, तोच घरी आल्यावर नातवाच्या सर्दीसाठी ‘जरा पॉवरची’ कॅप्सूल मागतो. ज्ञान आहे, पण ते बागेच्या खणात आहे. ते घराच्या खणात आणून ठेवणे, इतकेच काम माध्यमांनी करायचे आहे.

आणि एक गोष्ट येथेच सांगायला हवी. कंदकुजीवर वर्षानुवर्षे जी शिफारस होत आली तिच्यात ताम्रयुक्त बुरशीनाशकाबरोबर स्ट्रेप्टोसायक्लिनची सहा ग्रॅमची पुडी असे. ही पुडी म्हणजे नव्वद टक्के स्ट्रेप्टोमायसिन आणि दहा टक्के टेट्रासायक्लिन. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगावर गुणकारी ठरलेले पहिले प्रतिजैविक. १९४३ साली अमेरिकेत त्याचा शोध लागला आणि १९४८ साली ब्रिटनमधील चाचणीतच दिसून आले, की एकटे दिल्यास थोड्याच महिन्यांत क्षयाचे जिवाणू त्याला जुमानत नाहीत. तेव्हापासून क्षयावर एकाच वेळी अनेक औषधे देण्याची पद्धत पडली. तेच औषध आमच्याकडे कृषी सेवा केंद्रातून बादलीत येते. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने त्याचा शेतीतील वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा मसुदा आदेश काढला. दवाखाना आणि बाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे आपण समजतो, जिवाणू तसे समजत नाहीत.

बातमी कशी सांगितली गेली

हा धोका नवा नाही आणि तो लोकांना सांगण्याचा पहिला प्रयत्नही नवा नाही. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानात एक काल्पनिक गोष्ट सांगितली होती. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन आणून घेतो, पण जंतू मरतील इतके घेत नाही, त्यांना शिकवण्यापुरतेच घेतो. मग त्याच्या बायकोला त्याच्याकडून न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही आणि ती मरते. नवरा मात्र बरा. पेनिसिलिन बाजारात नुकतेच येत असताना एका शास्त्रज्ञाने आकडे न देता, घरातली गोष्ट सांगून हे समजावले होते. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला. पेनिसिलिन स्वस्त झाले ही मोठीच गोष्ट घडली. फ्लेमिंग यांची गोष्ट मात्र त्या बाटलीबरोबर आली नाही.

अलीकडच्या काळात हा विषय आपल्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर दोनदा ठळकपणे आला आणि दोन्ही वेळा वादामुळे. ऑगस्ट २०१० मध्ये ‘लॅन्सेट’च्याच एका भगिनी-नियतकालिकाने भारत, पाकिस्तान आणि ब्रिटनमधील रुग्णांत आढळलेल्या एका जनुकाची माहिती छापली. हे जनुक असलेला जिवाणू अखेरच्या फळीतली प्रतिजैविकेही निष्प्रभ करतो. जनुकाचे नाव नवी दिल्लीवरून ठेवले गेले होते, एनडीएम-१. झाले! आपल्याकडे चर्चा झाली ती देशाच्या बदनामीची, आणि परदेशी रुग्ण यायचे थांबतील काय याची. पुढल्या वर्षी दिल्लीतल्या नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ आणि साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत तेच जनुक सापडले. नाव कोणाचे द्यावे हा प्रश्न रास्त होता, पण पाण्याचा प्रश्न अधिक मोठा होता.

दुसरी वेळ मुंबईची. हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर २०११ मध्ये क्षयाचे असे चार रुग्ण नोंदवले, ज्यांचे जिवाणू तपासलेल्या कोणत्याच औषधाला दाद देत नव्हते. जानेवारी २०१२ मध्ये ‘संपूर्ण औषधरोधी क्षय’ हे शब्द देशभर पोहोचले. हे नाव शास्त्रीय की अशास्त्रीय, यावर सरकार आणि डॉक्टर यांच्यात बराच खल झाला. पण त्याच निवेदनात एक साधी माहिती होती, जी आम्हाला नावापेक्षा महत्त्वाची वाटते. धारावीतील १०६ खासगी डॉक्टरांना औषधरोधी क्षयाच्या एका काल्पनिक रुग्णासाठी औषधे लिहून द्यायला सांगितले, तेव्हा बरोबर लिहून देणारे निघाले फक्त पाच. तेव्हा ‘अडाणी लोक औषधे अर्धवट सोडतात’ असे म्हणून ज्यांना सुटायचे असेल त्यांनी हा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा.

फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ‘लाल रेषे’ची मोहीम सुरू केली. औषधाच्या पट्टीवर डाव्या कडेला उभी लाल रेषा असेल तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये, इतकाच निरोप. त्याच वर्षी जुलैमध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील ‘मन की बात’मध्येही या रेषेचा उल्लेख केला. कल्पना चांगली आहे. अक्षरओळख नसलेल्यालाही रेषा दिसते. अडचण एवढीच, की आमच्याकडे पट्टी सहसा अख्खी विकत घेतली जात नाही. कात्रीने कापून दोन किंवा चार गोळ्या कागदाच्या पुडीत मिळतात. नाव, मुदत, इशारा यांतला निम्मा मजकूर दुकानातच राहतो. शिवाय ही रेषा चिठ्ठीवर मिळणाऱ्या इतर औषधांवरही असते, त्यामुळे ‘लाल रेषा म्हणजे प्रतिजैविक’ असे शिकवणेही चूकच. १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ नावाची वेगळी अनुसूची लागू आहे. तिच्यातली औषधे विकताना दुकानदाराने रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची असते. ही वही असते, हे आमच्या ओळखीतल्या फार थोड्या शिक्षकांना ठाऊक होते.

आणि मग २०२०-२१ ची साथ. भ्रमणध्वनीवर औषधांच्या याद्या फिरल्या. त्यांत ॲझिथ्रोमायसिनचे नाव बहुतेक ठरलेले. एका विषाणूच्या आजारासाठी एका प्रतिजैविकाचे अवघड नाव खेड्यापाड्यांत लहान मुलांनाही पाठ झाले. माध्यमे प्रभावी नसतात असे म्हणणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा. माध्यमे प्रभावी असतातच, पण ‘हे घ्या’ सांगताना जितकी, तितकी ‘हे घेऊ नका’ सांगताना नसतात. पोलिओच्या मोहिमेत ‘दोन थेंब’ पाजायचे होते. ठरलेला रविवार, ठरलेली जागा, हाताने करायची एक कृती. मार्च २०१४ मध्ये आपल्यासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. प्रतिजैविकांच्या निरोपात पाजायला काहीच नाही. थांबायला सांगायचे आहे, आणि आजारी मुलाच्या आईला थांबायला सांगणे हे सर्वांत कठीण.

म्हणून ‘घेऊ नका’च्या जागी ‘हे करा’ असे काही द्यावे लागते. याचे उत्तम उदाहरण शेजारच्या बांगलादेशात आहे. तेथील ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० ते १९९० या काळात एक कोटी वीस लाखांहून अधिक घरी जाऊन आयांना हगवणीवर मीठ, गूळ आणि पाण्याचे द्रावण करायला शिकवले, चिमूट आणि मूठ या मापांनी, त्यांच्याच चुलीपाशी. शिकवणाऱ्या बाईने घरे किती केली यावर तिचा मोबदला ठरत नसे. काही काळाने दुसरे कोणी जाऊन आईला किती आठवते ते तपासत आणि त्यावर मोबदला ठरत असे. (शिक्षकांचे वेतन असे ठरू लागले तर काय होईल, हा प्रश्न आम्ही येथेच सोडून देतो.) हगवणीत बहुतेक वेळा प्रतिजैविकाची गरज नसते. ज्या आईच्या हाती द्रावण आहे, ती कॅप्सूल मागत नाही. सर्दीसाठी वाफ, पाणी, विश्रांती आणि ‘कोणती लक्षणे दिसली तर दवाखाना गाठायचा’ याची छोटी यादी हेच काम करू शकते : श्वास जोरात चालणे, दूध-पाणी न घेणे, गुंगी, तीन दिवसांनंतरही न उतरणारा ताप.

भीती दाखवून हे होत नाही. लंडनच्या ‘वेलकम ट्रस्ट’ने २०१९ साली भारतासह काही देशांत लोकांशी बोलून पाहिले, तेव्हा ‘महाजंतू’, ‘प्रलय’, ‘अमुक सालापर्यंत इतके कोटी मृत्यू’ ही भाषा लोकांना हलवत नाही, असे आढळले. आज, येथे, माझ्या घरी काय होईल आणि मी काय करायचे, हे सांगितले तर लोक ऐकतात. वर आम्हीही एक मोठा आकडा दिला आहे. वाचक शिक्षक आहेत म्हणून तो चालेल असे वाटते.

आणखी एक बदल शिक्षकांनी लक्षात घ्यावा. ‘बरे वाटले तरी कोर्स पुरा करा’ हे वाक्य आपण वर्षानुवर्षे शिकवले. २०१७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये काही तज्ज्ञांनी दाखवले, की पुष्कळ साध्या संसर्गांत लांबलचक कोर्सला पुरावा नाही. गरजेपेक्षा अधिक दिवस औषध घेतल्यानेच अंगातल्या इतर जिवाणूंत निवड घडते. म्हणून आता सांगायचे ते असे : डॉक्टरांनी सांगितले तितकेच दिवस, स्वतःच्या मनाने कमी नाही आणि जास्तही नाही. क्षयरोगाचे मात्र वेगळे. तेथे महिनोन्‌महिने चालणारा उपचार एक दिवसही न चुकवता पुरा करावाच लागतो. वर्गात बोलताना हा फरक विसरू नये. अर्धे ऐकून एखादा मुलगा घरी जाऊन आजोबांच्या क्षयाच्या गोळ्या बंद करवील.

फैजपुरात कोणत्या वाटेने

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिले. पंडित नेहरू अध्यक्ष होते. गावोगाव रेडिओ नव्हता, वाचता येणारे थोडे होते, तरी माणसे लोटली. अमळनेरची शिक्षकाची नोकरी १९३० साली सोडून चळवळीत पडलेले साने गुरुजी आणि त्यांच्यासारखे कार्यकर्ते त्याआधी खानदेशात पायी हिंडले होते. निरोप माणसाच्या तोंडून, ओळखीच्या भाषेत गेला.

आजही या भागात भाषा एक नाही. गावात लेवा गणबोली, पश्चिमेकडे अहिराणी, सातपुड्याच्या पायथ्याशी तडवी आणि पावरा वस्त्या. पुण्या-मुंबईत छापलेले ‘प्रतिजैविक प्रतिरोध जागरूकता’ असे भित्तिपत्रक यांतल्या कोणत्याच घरात वाचले जाणार नाही. आकाशवाणीचे जळगाव केंद्र आहे, शेतीविषयक कार्यक्रम आणि वर्तमानपत्रांतली शेतीची पाने आहेत. बोंडअळीवर बोलणाऱ्याने त्याच कार्यक्रमात दोन मिनिटे घशातल्या जिवाणूवर बोलावे, कृषी सेवा केंद्राच्या फळ्यावर हरण्याशेजारी सर्दी लिहावी, ही आमची सूचना. आरोग्याच्या कार्यक्रमात अळी आणण्यापेक्षा अळीच्या कार्यक्रमात आरोग्य नेणे सोपे, कारण अळीचा कार्यक्रम लोक आधीच ऐकतात.

एवढे करूनही सारे लोकांच्या समजुतीवर अवलंबून नाही, हे मान्य करावे लागेल. केळीच्या घडांची वाहतूक करणाऱ्या मजुराचा एक दिवस बुडाला तर रोज बुडतो. डॉक्टरांची फी, वर तपासणी, ती तालुक्याला किंवा जळगावला, अहवाल दोन दिवसांनी. दोन कॅप्सूल लगेच मिळतात. कोणता जिवाणू आहे आणि त्याला कोणते औषध मारते हे तपासण्याची सोय जवळ नसेल तर डॉक्टरही अंदाजाने मोठे औषध देतो. केरळने जानेवारी २०२४ पासून औषधांच्या दुकानांवर अचानक तपासणी सुरू केली, चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक दिल्यास कळवण्याचे आवाहन लोकांना केले आणि प्रतिजैविके निळ्या पाकिटातून देण्यास सुरुवात केली. निरोपाबरोबर पाकीट, वही आणि तपासणी असेल तरच निरोपाला वजन येते.

शाळेत मात्र उद्यापासून करता येईल असे आहे. मुलांना घरातल्या रिकाम्या पट्ट्या आणायला सांगाव्यात. (गोळ्या असलेल्या नव्हे, हे दोनदा सांगावे.) कोणत्या पट्टीवर लाल रेषा आहे, कोणत्या औषधाच्या नावाच्या शेवटी ‘सिलिन’ किंवा ‘मायसिन’ येते, कोणते नुसते तापाचे औषध आहे, कोणत्या पट्टीच्या दोनच गोळ्या संपल्या होत्या आणि बाकीच्या कपाटात होत्या, याची यादी करावी. आजारी माणसाचे नाव विचारू नये, औषधाचेच विचारावे. एका वर्गाची यादी म्हणजे गावाचा एक छोटा आरसा असतो.

जागतिक पातळीवर या विषयाचा सप्ताह १८ ते २४ नोव्हेंबरला पाळला जातो. तारखा ठरवणाऱ्यांच्या मनात खानदेश नसणार, पण त्याच दिवसांत आमच्याकडे कापसाची वेचणी चालू असते आणि गुलाबी अळी बोंडात हमखास सापडते. वरून धड दिसणारी, न उमललेली दहा-बारा बोंडे प्रत्येक गटाला द्यावीत, वहीत तारीख आणि शेताचे नाव लिहावे, बोंडे उभी चिरावीत आणि जिवंत अळ्या मोजाव्यात. मग फळ्यावर एकच प्रश्न लिहावा : हे बियाणे अळीला मारणारे होते, तर ही कोण?